तुम्ही सायकलवर असाल तर?

रात्रभराच्या प्रवासानंतर गाडीतून उतरले तेव्हा अजून उजाडायचं होतं. खांद्याला मोठी पिशवी, पिशवीत सायकल. दोन्ही चाकं काढलेली, पॅडल सोडवलेली, हँडल वळवून फ्रेमला बांधलेलं. स्टेशनाबाहेर एका दिव्याखाली पिशवी उघडली आणि जोडणीला बसले. शहर पूर्ण अनोळखी. तिथली भाषा मला येत नव्हती. शेजारच्या बाकावर एक आजोबा पहिल्या ट्रामची वाट बघत बसले होते. माझा सगळा खटाटोप त्यांनी शांतपणे पाहिला, पण डावं पॅडल काही बसेना तेव्हा ते उठून आले आणि बोटाने हवेत उलटं वर्तुळ काढून दाखवलं. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात. चालवताना ते आपोआप सैल पडू नये म्हणून केलेली ती सोय. मला हे वर्षानुवर्षं माहीत होतं, पण थकलेला हात सवयीने सुलटाच फिरत होता. जोर लावून आणखी चार पिळे दिले असते तर क्रँकचे, म्हणजे पॅडल ज्यात बसतं त्या दांड्याचे, आटे गेले असते आणि तो प्रवास त्या दिव्याखालीच संपला असता.

मग त्यांनी खुणेनेच विचारलं, कुठे? मी फोनवरचा नकाशा पुढे केला. मुक्कामापर्यंतची रेघ नदीवरच्या मोठ्या पुलावरून जात होती. आजोबांनी मान हलवली. एक तळवा आडवा धरला, हा पूल. दुसऱ्या हाताची दोन बोटं त्याच्या खालून चालवत नेली. दोनदा तसंच करून दाखवलं. तेवढ्यात त्यांची ट्राम आली. मी आभार मानले, सायकलवर टांग मारली आणि फोनने सांगितलेल्या वाटेने निघाले.

पुलाच्या मध्यावर सायकलची पट्टी संपली. म्हणजे अक्षरशः संपली; रंगवलेली रेघ एका खांबाशी थांबली आणि पुढे एका बाजूला कठडा, दुसऱ्या बाजूला घासून जाणाऱ्या बसगाड्या. मागे वळायलाही जागा नव्हती. खाली उतरून, कठड्याला चिकटून, सामानासकट सायकल ढकलत मी पलीकडे पोचले तेव्हा हात थरथरत होते. दुसऱ्या दिवशी दिसलं, मोठ्या पुलाच्या सावलीतच पाण्याच्या जरा वर एक जुना अरुंद पूल आहे, फक्त चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी. आजोबांची दोन बोटं त्याच पुलावरून चालत होती.

तेव्हापासून अनोळखी शहरात सायकल घेऊन जाताना मी तयारीपेक्षा विचारण्यावर जास्त भर देते. आणि विचारायचं काय, हे कळायला मला बराच काळ लागला. ‘अमुक ठिकाणी कसं जायचं?’ असं विचारलं की माणूस त्याच्या डोळ्यासमोरचा सगळ्यात ठळक रस्ता सांगतो, आणि ठळक रस्ता बहुतेक वेळा मोटारींचा असतो. तो खोटं सांगत नाही. प्रश्नच तसा असतो. म्हणून मी विचारते, ‘तुम्ही सायकलवर असाल तर कुठून जाल?’ या प्रश्नावर लोक थांबतात. वर बघतात. मनातल्या मनात पॅडल मारतात. मग सांगतात, शाळेमागून जा, पण सुटायच्या वेळेला नको. बागेतून जा, मात्र अंधारात नको. त्या चौकात मी तर उतरून चालतच जातो. असं उत्तर मिळालं की समजावं, हा माणूस खरोखरच त्या वाटेने जातो.

विचारायचं कुणाला, हेही महत्त्वाचं. मुक्कामाच्या ठिकाणी काउंटरवर बसलेल्या माणसाला नकाशा पाठ असतो, रस्ता पाठ नसतो. घरोघर पार्सल पोचवणारे, सकाळी पेपर टाकणारे, शाळेत सायकलने जाणारी मुलं, सायकल दुरुस्त करणारे हे खरे जाणकार. त्यातही दहा-बारा वर्षांची मुलं मला सगळ्यात भरवशाची वाटतात. त्यांना प्रत्येक बोळ ठाऊक असतो, कोणत्या फाटकाला कुलूप नसतं हे ठाऊक असतं, आणि अवघड जागा आली की ‘तिथे भीती वाटते’ असं ती सरळ सांगतात. मोठी माणसं ते सांगत नाहीत.

आणि जिथे विचारायला कुणी नसतं तिथे बघायचं. नव्या शहरातल्या पहिल्या मोठ्या चौकात मी तीन सिग्नल नुसती उभी राहते, एका कडेला, पाय टेकवून. तिथले सायकलवाले काय करतात ते पाहते. नियमांची पुस्तिका वाचून जे समजत नाही ते या पाच मिनिटांत समजतं. कोपनहेगनमध्ये डावीकडे वळायचं असेल तर सायकलवाला मोटारींसारखा रस्त्याच्या मध्यावर येत नाही. तो उजव्या कडेने सरळ चौक ओलांडतो, पलीकडच्या कोपऱ्यात थांबतो आणि आडव्या वाहतुकीला हिरवा मिळाला की तिच्याबरोबर निघतो. वळण दोन टप्प्यांत, आणि तो तिथला कायदाच आहे. थांबायच्या आधी तिथे हात वर करतात, कारण मागून येणारी रांग वेगात असते. बस थांबली आणि उतारू थेट सायकलच्या पट्टीवर पाय ठेवणार असतील तर सायकलने थांबायचं असतं. पाहुण्याला यातलं काहीच ठाऊक नसतं, आणि पट्टीच्या मध्येच फोटो काढायला तो अचानक ब्रेक लावतो. मागच्या माणसाचा त्यात काय दोष?

पॅरिसच्या काही सिग्नलवर दिव्याखाली एक छोटी त्रिकोणी पाटी असते, तिच्यावर पिवळी सायकल आणि बाण. त्या बाणाच्या दिशेने सायकलला लाल दिव्यातही जाता येतं, मात्र पायी चालणाऱ्यांना आधी वाट देऊन. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात १९८२पासून सायकलस्वाराला ‘स्टॉप’च्या पाटीशी पूर्ण थांबावं लागत नाही; वेग कमी करून, कुणी येत नाही ना हे पाहून जाता येतं. दोन्ही गोष्टी त्या त्या जागी कायदेशीर, आणि दुसऱ्या शहरात तेच केलं तर दंड. म्हणून ‘सगळे जातायत म्हणून मीही’ हे मी पहिल्या दिवशी करत नाही. ते का जातायत हे कळलं की मग.

रस्त्याची बाजू बदलते तेव्हाची गोष्ट वेगळी. डावीकडून चालण्याची सवय असलेला माणूस उजवीकडच्या शहरात गेला की त्याला वाटतं, मोठ्या रस्त्यावर गोंधळ होईल. तसं होत नाही. मोठ्या रस्त्यावर बाकीची वाहनंच तुम्हाला सांभाळून नेतात. चूक होते ती रिकाम्या गल्लीत, सकाळी मुक्कामातून बाहेर पडताना, किंवा कडेला थांबून पुन्हा निघताना. पाय आपणहून जुन्या बाजूला वळतात. मी पहिले दोन दिवस हँडलच्या मधोमध चिकटपट्टीवर एक बाण काढून ठेवते. मागे वळून बघायचा खांदाही बदलतो, आणि मानेला ते शिकवायला वेळ लागतो. सायकल तिथेच भाड्याने घेतली असेल तर ब्रेकही तपासावेत. ब्रिटनमध्ये आणि जपानमध्ये पुढचा ब्रेक सहसा उजव्या हाताला असतो. युरोपच्या मुख्य भूमीवर आणि अमेरिकेत बहुधा डाव्या. घाबरून चुकीचा ब्रेक करकचून दाबला की माणूस हँडलवरून पुढे जातो. उभ्या उभ्या दोन्ही दाबून बघायचे, मगच निघायचं.

त्या आजोबांच्या शहरात मी पडले ते मात्र ब्रेकमुळे नाही, रुळांमुळे. ट्रामचे रूळ रस्त्यातच बसवलेले असतात आणि रुळाशेजारची खाच सायकलच्या टायरसाठीच केल्यासारखी असते. चाक तिरकं गेलं की त्या खाचेत शिरतं. मग हँडल वळत नाही, आणि वळलं नाही की तोल सावरता येत नाही, कारण सायकलचा तोल आपण सतत थोडं थोडं हँडल वळवूनच सांभाळत असतो. पावसानंतर तर खाचेत शिरायचीही गरज नसते. ओलं लोखंड पुरतं. रूळ ओलांडायचे ते शक्य तितके काटकोनात. त्यासाठी आधी बाजूला सरकून जागा करून घ्यावी लागते, आणि रुळावर असताना ब्रेक लावायचा नाही की वळायचं नाही. मला हे वाचून माहीत होतं. पण समोर एका मोटारीचं दार उघडलं, ते चुकवायला मी तिरकी वळले आणि पुढचं चाक खाचेत गेलं. गुडघा फुटला, पंजा सोलला. हे जास्त बारकाईने सांगतेय कारण पडण्याची कारणं दोन होती आणि ती एकत्र आली होती. उभ्या मोटारींच्या रांगेपासून दाराएवढं अंतर ठेवलं असतं तर दार चुकवावंच लागलं नसतं, आणि रूळ कुठे वळतात हे आधी पाहिलं असतं तर त्या बाजूला वळले नसते. अनोळखी शहरात एक अडचण बहुतेक वेळा आपण निभावून नेतो. दोन एकदम आल्या की हुकतं.

चाक आउट झालं होतं, म्हणजे वाकडं फिरत होतं, आणि टायरला चीर गेली होती. एका बाईने मला हात धरून दोन गल्ल्या पलीकडे दुरुस्तीवाल्याकडे नेलं. छपराला उलट्या टांगलेल्या फ्रेम, जमिनीवर चेनच्या तेलाचे डाग, भिंतीवर पाने मापाप्रमाणे लावलेले. तिथे मी माझं एक मोठं अज्ञान घालवलं. टायर हवा होता; मी इंचांत माप सांगत होते आणि तो मान हलवत होता. शेवटी त्याने माझ्या फाटलेल्या टायरच्या कडेवरची उठावदार अक्षरं फडक्याने पुसली आणि एका आकड्यावर बोट ठेवलं: ३७-६२२. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिमवर टायर जिथे बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. हे आंतरराष्ट्रीय माप आहे आणि कुठल्याही भाषेत तेच राहतं. इंचांवर विसंबण्यात अर्थ नाही, कारण एकाच नावाखाली अनेक मापं फिरतात. ज्याला ‘७००सी’ म्हणतात आणि ज्याला माउंटन बाइकवाले ‘२९ इंची’ म्हणतात, ते दोन्ही ६२२च. याउलट ‘२८ इंची’ म्हटलं तर ते ६२२ असू शकतं किंवा जुन्या भारी रोडस्टर सायकलीचं ६३५. ‘२६ इंची’ ५५९ असतं आणि ५९०सुद्धा, आणि एकाचा टायर दुसऱ्याच्या रिमवर चढत नाही. आता मी निघण्याआधी तो आकडा वहीत लिहून ठेवते, आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह जाड आहे की बारीक तेही. आपल्या व्हॉल्व्हचा पंप समोरच्याकडे असेलच असं नाही, म्हणून बोटाच्या पेराएवढा पितळी ॲडाप्टर कायम पिशवीत.

तो चाकाचा आउट काढत असताना मी त्याला माझा प्रश्न विचारला. खुणांनी, चित्रांनी, दोन-चार शब्दांनी. त्याने चाक तसंच सोडलं, एक कागद घेतला आणि त्यावर रेघा काढल्या. रस्त्यांची नावं एकही नाही. एक रेघ, तिच्यापुढे त्याने तळवा तिरका धरला: चढ. किती, ते तळव्याच्या कलावरून. दुसऱ्या रेघेशी दोन बोटं चालवली: इथे उतरून चाला. समुद्राकडे जाणाऱ्या रेघेवर त्याने तोंडाने फुंकर मारली आणि घड्याळात दुपारचे तीन दाखवले.

त्या फुंकरीचा अर्थ मला दुसऱ्या दिवशी कळला. किनाऱ्यालगतच्या शहरात दुपारी जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्राकडून वारा आत येतो. सकाळी निवांत समुद्रापर्यंत जावं आणि दुपारी तो वारा पाठीवर घेऊन परत यावं, असं त्याला सांगायचं होतं. उलट केलं असतं, म्हणजे सकाळी शहराच्या आतल्या भागात भटकून दुपारी समुद्राकडे निघाले असते, तर सगळा वारा तोंडावर घेत गेले असते. फोनने दोन्ही वेळा सारखीच मिनिटं दाखवली असती.

असं स्थानिक शहाणपण कागदावरून उचलून रस्त्यावर लावण्याचं एक उदाहरण मला फार आवडतं. बेल्जियमच्या लिंबुर्ग भागात ह्यूगो बोलेन या खाणीतल्या अभियंत्याला सुचलं, खाणीत जसे बोगद्यांच्या फाट्यांना क्रमांक असतात तसे सायकलच्या वाटांच्या फाट्यांना द्यावेत. १९९५मध्ये तिथे असं पहिलं जाळं तयार झालं, आणि पुढे ते बेल्जियमच्या इतर भागांत आणि नेदरलँड्समध्येही पसरलं. नावं पाठ करायची नाहीत, नकाशा सतत बघायचा नाही. चिठ्ठीवर पाच-सहा आकडे लिहायचे, चिठ्ठी हँडलला अडकवायची आणि प्रत्येक फाट्याला पुढच्या आकड्याची पाटी शोधायची. भाषा न येणाऱ्याला याहून मोठी मदत कुठली? आणि त्या वाटा सायकलवाल्यांचा विचार करूनच जोडलेल्या असतात. ‘तुम्ही सायकलवर असाल तर’ याचं उत्तर आधीच देऊन ठेवलेलं.

फोनच्या नकाशाला मी मोडीत काढत नाही. २००४मध्ये सुरू झालेला ओपनस्ट्रीटमॅप हा सर्वांनी मिळून भरलेला नकाशा आहे, आणि त्यावरच्या सायक्लओएसएम या सायकलसाठीच्या आवृत्तीत पट्ट्या, चढ आणि सायकल लावायच्या जागा दिसतात. त्या माहितीमागेही तिथल्याच कुणाचं तरी सायकल चालवणं असतं. मी रात्री तो बघते, सकाळी विचारते, आणि दोन्ही जुळलं तर निश्चिंत होऊन निघते.

शहरात पोचायच्या आधीचा गाडीचा भागही तिथल्याच कुणाला विचारावा. नेदरलँड्सच्या रेल्वेत कामाच्या दिवशी सकाळी साडेसहा ते नऊ आणि दुपारी चार ते साडेसहा या गर्दीच्या वेळात घडी न केलेली सायकल नेता येत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये ही बंदी नसते. जपानी रेल्वेत सायकल सुटी करून पूर्ण पिशवीत घातलेली लागते, चाक बाहेर डोकावलेलं चालत नाही. कोपनहेगनच्या उपनगरी गाड्यांत २०१०पासून सायकल फुकट नेता येते. ई-सायकलवाल्यांनी विमानाचा विचार आधीच सोडावा, कारण प्रवासी विमानांत जास्तीत जास्त १६० वॉट-अवरची लिथियम बॅटरी चालते, तीही परवानगीने, आणि ई-सायकलची साधी बॅटरी याच्या दुप्पट-तिप्पट असते.

कुलपाबद्दल एवढंच: आजूबाजूच्या सायकली बघाव्यात. जिथे प्रत्येकीला दोन कुलपं आहेत तिथे आपलं एक पुरणार नाही. खांबाला नुसतं चाक लटकलेलं दिसलं तर तो खांब सोडावा. आणि चांगला रिकामा कठडा असूनही तिथे एकही सायकल नसेल तर तिथल्या लोकांना काहीतरी ठाऊक आहे असं समजावं. ॲमस्टरडॅममध्ये चुकीच्या जागी लावलेल्या सायकली पालिका उचलून नेते. यूट्रेक्टच्या स्टेशनाखाली मात्र १२,५०० सायकलींची जागा आहे आणि पहिले २४ तास पैसे पडत नाहीत. दोन्ही शहरं एकाच देशातली, गाडीने अर्ध्या तासाच्या अंतरावर.

जमलं तर पहिली फेरी रविवारी सकाळी मारावी. कोलंबियातल्या बोगोटात तर १९७४मध्ये सुरू झालेल्या सिक्लोव्हिया या उपक्रमामुळे रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी सात ते दुपारी दोन शंभर किलोमीटरहून जास्त रस्ते मोटारींना बंद असतात. पण जिथे असं काही नाही त्या शहरातही रविवारची सकाळ मोकळी असते. रूळ कुठे वळतात, चढ कुठे सुरू होतो, पट्टी कुठे संपते हे तेव्हा बघून घेता येतं. सोमवारी त्याच जागी गर्दी असली तरी तिथलं काही नवीन नसतं.

त्या शहरात मी पाच दिवस राहिले. शेवटच्या दुपारी नदीकाठी सायकल उभी करून गुडघ्याची पट्टी बदलत होते तेव्हा दोन सामान लादलेल्या सायकली समोर थांबल्या. तरुण जोडपं. दोघांनाही तिथली भाषा येत नसावी, कारण त्यांनी एक शब्द न बोलता फोन माझ्यापुढे धरला. माझी तेलकट बोटं आणि रिकामं कॅरिअर बघून त्यांना मी तिथलीच वाटले असणार. फोनवर तीच रेघ होती, मोठ्या पुलावरून जाणारी.

मी मान हलवली. डावा तळवा आडवा धरला आणि उजव्या हाताची दोन बोटं त्याच्या खालून चालवत नेली. दोघं एकमेकांकडे बघायला लागले. मी पुन्हा करून दाखवलं. मग उठले, सायकल स्टँडवरून काढली आणि त्यांच्या पुढे, जुन्या पुलाची पायवाट जिथे फुटते त्या झाडापर्यंत गेले. तिथे रुळांची एक जोडी रस्ता तिरकी कापत जाते. मी खाली उतरले आणि सायकल हातात धरून रूळ ओलांडले. मागे वळून पाहिलं. दोघंही उतरले होते.